फाइल समोर दिसतेय, तरी फोन म्हणतो ‘सापडत नाही’!

लॅपटॉपवरच्या लिनक्सवर सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला, फोनच्या एआरएम चिपसाठी कंपाइल केला आणि टर्मक्समध्ये आणून चालवला, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर डोळ्यांसमोर असते! मग हरवलंय काय?

हरवलेली असते ती दुसरीच फाइल. मेमरी मागणं, स्क्रीनवर मजकूर छापणं असली कामं साधा प्रोग्राम सी लायब्ररीवर सोपवतो आणि ती जोडून देणाऱ्या लोडरचा फक्त पत्ता जवळ ठेवतो. उबुंटूवर ही लायब्ररी ग्लिबसी असते, अँड्रॉइडवर बायोनिक. कर्नल दोन्हीकडे लिनक्सच, पण फोनमध्ये त्या पत्त्यावर लोडर नसतो. कर्नलची तक्रार त्याच्याबद्दल असते आणि आपण आपल्याच फाइलचं नाव तपासत बसतो. लॅबमधल्या जुन्या मशीनवर हाच त्रास ‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’ असा दिसतो. सेंटओएस ७ वर ग्लिबसी २.१७ आहे. ॲडमिनचा पासवर्ड नसेल तर ती बदलताही येत नाही.

अशा वेळी मेसच्या भरवशावर न राहता डबा सोबत न्यायचा. लायब्ररीतला लागेल तेवढा कोड प्रोग्रामच्या फाइलमध्येच भरायचा, हेच स्टॅटिक लिंकिंग. त्यासाठी मी मसल ही लायब्ररी वापरतो. ग्लिबसी स्टॅटिक जोडली तरी वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधण्यासारख्या कामांना बाहेरच्या लायब्ररी लागतातच.

एक प्रोग्राम असा बांधणं सोपं आहे. खरी मजा कंपायलरच असा बांधण्यात आहे, कारण मग कुठल्याही बंदिस्त मशीनवर एक फोल्डर टाकलं की काम सुरू. पण जीसीसी एकटा नसतो. असेंबलर आणि लिंकर बिनयुटिल्समधून येतात, आकडेमोडीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी लागतात. शिवाय कोंबडी आधी की अंडं हा घोळ आहेच: मसल कंपाइल करायला कंपायलर हवा, आणि कंपायलर पूर्ण व्हायला मसलच्या हेडर फाइल्स हव्यात. हा क्रम मसलचे लेखक रिच फेल्कर यांचं मसल-क्रॉस-मेक सांभाळतं.

तरी फेऱ्या दोन लागतात. पहिल्या फेरीत लॅपटॉपचा नेहमीचा जीसीसी एक क्रॉस कंपायलर बनवतो, जो लॅपटॉपवर चालतो पण फोनसाठी कोड काढतो. दुसऱ्या फेरीत त्याच्याकडून फोनवर चालणारा जीसीसी बांधून घ्यायचा. इथे तीन शब्द पक्के हवेत. बांधकाम होतं ते मशीन ‘बिल्ड’, तयार कंपायलर चालेल ते ‘होस्ट’, आणि तो ज्यासाठी कोड काढेल ते ‘टार्गेट’. दुसऱ्या फेरीत होस्ट आणि टार्गेट दोन्ही फोन, बिल्ड मात्र लॅपटॉप. दोन्ही फेऱ्यांत जीसीसीची आवृत्ती एकच ठेवा, कारण नवा कंपायलर लॅपटॉपवर चालत नाही आणि त्याच्या लायब्ररी जुन्यालाच कंपाइल कराव्या लागतात.

आता एक विचित्र गोष्ट. सेटिंगमध्ये ‘-स्टॅटिक’ आणि ‘--स्टॅटिक’ दोन्ही लिहायचे. लिबटूल नावाचं मधलं साधन एका डॅशवालं स्वतःसाठीच ठेवून घेतं, दोन डॅशवालं जीसीसीपर्यंत पोचतं. (हे कुणाला आपोआप सुचत असेल असं मला वाटत नाही.) शेवटी ‘फाइल’ कमांडने तपासा, ‘स्टॅटिकली लिंक्ड’ दिसलं पाहिजे.

फक्त टर्मक्समध्ये सी शिकायची असेल, तर एवढा खटाटोप नको, तिथलं तयार क्लँग पुरतं. स्टॅटिक टूलचेनची किंमतही आहे. मसलमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली तर सगळं पुन्हा बांधावं लागतं. स्टॅटिक लिंकर प्लगइन लोड करू शकत नाही, त्यामुळे एलटीओ विसरा. मसल डीएनएसचा पत्ता ज्या ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये शोधतो ती फाइल अँड्रॉइडवर नसते, म्हणून नेट वापरणारे प्रोग्राम अडकतात. कंपायलरला नेट लागतच नाही, तो चालतो. फक्त फोल्डर डाउनलोड्समध्ये ठेवू नका, तिथून अँड्रॉइड काहीच चालवू देत नाही. टर्मक्सच्या होममध्ये कॉपी करा.