निदान बरणीपासून सुरू होते

गाठ काढली की तुकडा तपासणीला जातो आणि घरची माणसे रिपोर्टची वाट बघू लागतात. रक्तातली साखर जशी यंत्रातून आकडा होऊन बाहेर पडते, तसाच कॅन्सर आहे की नाही हेही कुठल्यातरी यंत्रातून कळत असणार, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बायोप्सीचा रिपोर्ट म्हणजे पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकातून बघून दिलेले लेखी मत. स्तन, तोंड, आतडे, गर्भाशय अशा अवयवांच्या कॅन्सरमध्ये शेवटचा शब्द आजही सहसा या मताचाच असतो. केमो द्यायची की नाही, अवयव काढायचा की वाचवायचा, हे त्यावर ठरते. मग हे मत भरवशाचे कशामुळे होते? सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्याची नजर महत्त्वाची आहेच. पण ती नजर लागण्याआधी तुकडा ज्या हातांतून जातो, त्या हातांवर रिपोर्टची निम्मी भिस्त असते, आणि नेमके तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

रोगाचे मूळ पेशीत शोधायचे, हा विचार रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ साली ठामपणे मांडला. मात्र पेशी बघायची तर ती आधी टिकायला हवी. शरीराबाहेर पडलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशींमधलीच पाचके पेशींना विरघळवू लागतात. फर्डिनांड ब्लुम या जर्मन डॉक्टरांना १८९३ मध्ये यावर उपाय सापडला. जंतुनाशक म्हणून फॉर्मल्डिहाइड वापरताना आपल्याच बोटांची कातडी ताठ होते, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हापासून फॉर्मलिन प्रयोगशाळेत ठाण मांडून बसले आहे. त्याचे नियम साधे असले तरी कडक आहेत. द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवे, कारण ते आत मुरते तासाला साधारण एक मिलिमीटर. मोठी गाठ न कापता अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबली, तर कडा टिकतात आणि गाभा सडतो. फॉर्मलिन हाताशी नाही म्हणून सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा तर टिकतच नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये याची किंमत फार मोठी आहे. तिथे तुकडा तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडावा आणि सहा ते बहात्तर तास त्यात राहावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो मोडला तर हार्मोनचे रिसेप्टर असूनही तपासणीत ‘निगेटिव्ह’ दिसू शकतात, आणि टॅमॉक्सिफेनसारख्या स्वस्त, गुणकारी गोळीला रुग्ण मुकू शकते. ही चूक शस्त्रक्रियागृहात होते आणि दोष मात्र लॅबच्या माथी येतो.

फॉर्मलिननंतर ग्रॉसिंग होते. नमुना मोजून, चिरून, संशयाच्या जागा निवडून त्या छोट्या कॅसेटमध्ये भरतात. चुकीची जागा निवडली तर पुढचे सगळे बिनचूक करूनही उत्तर चुकते. मग रात्रभर अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे आणि सुमारे साठ अंशांवर वितळलेले पॅराफिन आत मुरवायचे. सकाळी मेणाचा ब्लॉक तयार होतो. टेक्निशियन तो बर्फावर थंड करून मायक्रोटोम या चकत्या कापणाऱ्या यंत्राला लावतो आणि त्याचे चाक फिरवतो. प्रत्येक फेऱ्याला तीन-चार मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढी पातळ चकती सुटते, आणि चकत्या एकमेकींना चिकटून रिबन बनते. पात्याला बारीक खाच असेल तर साऱ्या रिबनवर उभी रेघ उमटते. रिबन कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात, आणि मग ती काचेवर अलगद उचलायची. एका ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग पुसला नाही तर आधीच्या रुग्णाच्या ऊतीचा कण तरंगत राहतो आणि पुढच्याच्या स्लाइडवर जाऊन बसतो. लॅबमध्ये त्याला ‘फ्लोटर’ म्हणतात. तो ओळखू आला नाही तर निरोगी माणसाच्या रिपोर्टवर कॅन्सर लिहिला जाऊ शकतो. शेवटी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे रंग. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून निघते आणि केंद्रके जांभळट निळी करते, तर इओसिन बाकीचा भाग गुलाबी करते. केंद्रके किती मोठी, किती बेढब, पेशी आपली हद्द ओलांडून खोल घुसल्या का, हे या दोन रंगांवरून वाचायचे.

इतका वेळ कशाला, शस्त्रक्रिया चालू असताना वीस मिनिटांत ‘फ्रोझन’चा निकाल मिळतोच की, असे विचारले जाते. तो मिळतो, कारण त्यात मेणाऐवजी गोठवून तुकडा कडक करतात. पण बर्फाचे स्फटिक पेशींची ठेवण बिघडवतात. कडेला रोग उरला का, एवढ्या तातडीच्या प्रश्नापुरते ते चालते. बारीक निदानासाठी मेणाचाच रस्ता धरावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मतच असेल तर त्यावर भरवसा का ठेवायचा? २०१५ साली अमेरिकेत ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइड दिल्या गेल्या. पसरणाऱ्या कॅन्सरबाबत तज्ज्ञ मंडळाशी त्यांचे निदान ९६ टक्के जुळले, पण ‘अटिपिया’ या सीमेवरच्या अवस्थेत जेमतेम ४८ टक्के. म्हणजे जिथे रोग स्पष्ट तिथे मत पक्के, आणि मतभेद एकवटतात ते सीमारेषेवर. सीमारेषेवरच्या स्लाइडला दुसरी नजर लागलीच पाहिजे, एवढा निष्कर्ष यातून निघतो. मतावर आधारलेली पद्धत म्हणून ती मोडीत काढावी, असा निघत नाही. शिवाय अशी मते काळजीने साठवली तर त्यांतून विज्ञान उभे राहते. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घेतली. १९४४ साली त्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. भारतातला कॅन्सर आणि इथल्या लोकांच्या सवयी यांचा संबंध तपासत राहण्याचे काम त्यांनी पुढेही केले.

जनुकीय चाचण्या आणि संगणक आल्यावर मेणाची सद्दी संपेल, असेही म्हटले जाते. पण गाठीची जनुके तपासायची तर तुकडा पुष्कळदा याच ब्लॉकमधून घेतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या विषाणूच्या जनुकांचे काही भाग १९९७ साली वाचता आले, तेही त्या साथीत दगावलेल्या सैनिकाच्या फुफ्फुसाचा फॉर्मलिन-मेणातला तुकडा अमेरिकेत जपून ठेवला होता म्हणून. स्लाइडची डिजिटल प्रतिमा बघून मूळ निदान करायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली एका प्रणालीला मान्यता दिली, आणि आता अशा प्रतिमा संगणकही वाचू लागला आहे. पण तो वाचतो ती प्रतिमा त्याच काचेची. गाभा सडलेला असेल, रिबनवर रेघ असेल, फ्लोटर चिकटला असेल, तर चुकीचे उत्तर तो फक्त लवकर देईल.

म्हणून सुधारणेचा पैसा आणि लक्ष आधी जायला हवे ते रुंद तोंडाच्या बरणीकडे, फॉर्मलिनमध्ये तुकडा किती वाजता टाकला ही वेळ लिहून ठेवण्याकडे, रुग्णाचे वय आणि गाठीची नेमकी जागा भरलेल्या फॉर्मकडे आणि चाक फिरवणाऱ्या टेक्निशियनच्या प्रशिक्षणाकडे. यातले काहीच महाग नाही. रुग्णाच्या घरच्यांनीही रिपोर्टचा कागद जपावा, तसेच दुसरे मत घ्यायची वेळ आली तर लॅबकडे आपले ब्लॉक आणि स्लाइड मागाव्यात. दुसऱ्या डॉक्टरने नुसता कागद वाचला तर ते पहिल्याच मताचे वाचन ठरते. दुसरे मत द्यायला त्याला तुकडाच बघावा लागतो.