धावती अक्षरे आणि आपली लिपी

दुकानाच्या दर्शनी पाटीवर, रेल्वेच्या फलाटावर, बँकेच्या खिडकीपाशी धावणारी तांबडी अक्षरे आता आपल्या नित्य परिचयाची झाली आहेत. उजवीकडून येतात, डावीकडे नाहीशी होतात, आणि फिरून येतात. पण ती खरोखर धावतात काय? मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात १९२८ साली दिव्यांची बातमीपट्टी लागली, तिथेही दिवे जागच्या जागीच होते. एक विझे आणि शेजारचा लागे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्येही स्थिर चित्रेच एकामागून एक पडद्यावर येत होती. धाव होती ती पाहणाराच्या डोळ्यांत.

संगणकाच्या ज्या साध्या पडद्यावर केवळ अक्षरे उमटतात, त्याला टर्मिनल म्हणतात. तिथे हाच खेळ 'सी' भाषेत दहापंधरा ओळींत मांडता येतो. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली. कृती अशी: मजकुराची लांब पट्टी आहे आणि वीस घरांची एक खिडकी आहे, असे समजा. खिडकीत मावेल तेवढा मजकूर छापायचा. मग टंकलेखन यंत्राचा गाडा मागे सारावा त्याप्रमाणे एका चिन्हाने त्याच ओळीच्या आरंभी यायचे, पट्टी एक अक्षर पुढे सरकवायची आणि जुन्यावरच नवे छापायचे. पट्टी संपली की घड्याळात बारानंतर एक वाजतो तसे पुन्हा पहिल्या अक्षरापाशी यायचे.

यात दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. ओळ पुरी होईपर्यंत संगणक मजकूर आपल्यापाशीच साठवून ठेवतो. म्हणून 'साठविले असेल ते आता बाहेर काढ' अशी आज्ञा दर वेळी द्यावी लागते. दुसरी गोष्ट, दोन छपायांमध्ये त्याला क्षणभर थांबवावे लागते; नाहीतर सारी पट्टी डोळ्यांपुढून एका झपाट्यात निघून जाते.

इथवर रोमन लिपीचे काम सुरळीत चालते. आपल्या गावाचे नाव घेतले की अडचण उभी राहते. 'उमरगा' या शब्दात आपण अक्षरे मोजतो चार: उ, म, र, गा. संगणक चिन्हे मोजतो पाच, कारण गा मधला काना त्याच्या लेखी वेगळा. आणि ही चिन्हे साठविण्याची आज जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घरे अडवते. या घरांना बाइट म्हणतात. 'सी'मधील लांबी मोजणारी नेहमीची आज्ञा म्हणूनच 'उमरगा' पंधरा भरते! रोमन अक्षर एकाच घरात मावते, म्हणून एकेक घर सरकविणारी आज्ञावली तिथे बिनबोभाट चालते. तीच मराठीवर चालविली तर अक्षराचा तिसरा हिस्सा कापला जातो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हे उमटतात. सीमेपलीकडच्या कन्नडचीही हीच गत, कारण तिचेही चिन्ह तीन घरांचे.

यावर उपाय आहे. अक्षराच्या मधल्या घरांवर ठरावीक खूण असते. ती ओळखून चिन्ह पुरे होईपर्यंत पुढे जायचे. पण तेवढ्याने भागत नाही. 'श्रम' हा शब्द घ्या. वाचणाराला त्यात दोन अक्षरे दिसतात, यंत्राला चार चिन्हे: श, हलन्ताची खूण, र आणि म. पहिले चिन्ह खिडकीबाहेर गेले की हलन्त निराधार उरतो, आणि त्याला टेकू म्हणून पुष्कळदा ठिपक्यांचे एक वर्तुळ दिसते. म्हणून काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना आधीच्या व्यंजनापासून तोडू नये, आणि हलन्तानंतर आलेले व्यंजनही तोडू नये, असा नियम आज्ञावलीत घालावा लागतो. जगभरच्या लिपींची युनिकोड ही संहिता १९९१ साली निघाली. देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम तिच्या सर्वसाधारण नियमांत आला तो २०२३ साली. बत्तीस वर्षे गेली!

आता वेगाचा विचार. वीस अक्षरांची खिडकी आहे आणि दर सेकंदाला पाच अक्षरे सरकतात. मग प्रत्येक अक्षर चार सेकंद दिसते. एकशेवीस अक्षरांची सूचना चोवीस सेकंदांत एक फेरी पुरी करते. थांबण्याचा काळ एक चतुर्थांश केला, तर अक्षर एकच सेकंद दिसेल. शिकलेल्याला तेवढे पुरेल. अक्षरे जुळवीत वाचणाऱ्या हमालाला किंवा बांधकामावरच्या बाईला ते पुरणार नाही. फलकावर पाळीची वेळ असेल, मजुरीचा दर असेल, अर्जाची शेवटची तारीख असेल. ती फुटक्या अक्षरांत किंवा भरधाव वेगाने लावली तर 'आम्ही कळविले होते' असे म्हणायला धनी मोकळा, आणि ज्याला कळायला हवे तो कोराच. कागदी नोटिशीसमोर माणसाला हवा तेवढा वेळ उभे राहता येते. धावत्या नोटिशीत तो वेळ दुसराच कोणी ठरवतो.

तेव्हा आपल्या संस्थेसाठी, बाजार समितीसाठी किंवा कारखान्याच्या दारासाठी असा फलक घेताना विक्रेत्याला प्रथम 'श्रम' हा शब्द चालवून दाखवायला सांगावे. अक्षर फुटले तर फलक परत करावा. मग सर्वांत सावकाश वाचणाऱ्या माणसाला समोर उभे करावे आणि त्याचे वाचून होईल तोच वेग कायम करावा.