निवड नसलेली गोष्ट : ‘प्लॅनेटेरियन’विषयी

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात संगणकावरची ही गोष्ट कुठून आली, असं काहींना वाटेल. मला ती एका जुन्या विद्यार्थ्यानं दाखवली. चार-पाच तासांत वाचून होते. तिच्यात एक प्रश्न असा आहे की तो वर्गात शिकवताना मला कधी इतका धारदार करता आला नसता. तिथं येतोच. पण आधी हा प्रकार काय आहे ते सांगायला हवं. आणि हेही, की मी शेवट सांगणार आहे. ज्यांना आधी वाचायची असेल त्यांनी इथंच थांबावं.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर चित्र, त्यावर पात्रं, खाली मजकूर, मागे संगीत. तुम्ही बटण दाबत वाचत जायचं. एरवी अशा गोष्टींत मधे मधे फाटे फुटतात : हिच्याशी बोलायचं की तिच्याशी, डावीकडे जायचं की उजवीकडे. तुमच्या निवडीप्रमाणे शेवट बदलतो. ‘प्लॅनेटेरियन’मध्ये हे काहीच नाही. जपानच्या ‘की’ या संस्थेनं २००४ मध्ये ती काढली, युइची सुझुमोतो यांनी लिहिली, आणि या प्रकाराला त्यांनी ‘कायनेटिक नॉव्हेल’ असं नाव दिलं. एक सुरुवात, एक शेवट. वाचकाच्या हातात फक्त ‘पुढे’.

गोष्ट अशी. महायुद्ध होऊन सुमारे तीस वर्षं झाली आहेत. पाऊस थांबत नाही. एक शहर बंद करून टाकलेलं आहे, आत माणसं नाहीत, युद्धयंत्रं मात्र अजून गस्त घालताहेत. भंगार, अन्न, जे मिळेल ते उचलून जगणारा एक माणूस जीव वाचवत एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत शिरतो. सगळ्यात वर तारांगण आहे. दारात एक यंत्रमुलगी उभी आहे, युमेमी. ती त्याचं स्वागत करते : तुम्ही आमचे पंचवीस लाखावे प्रेक्षक! खरा आकडा थोडा कमीच आहे, आणि ती तसं सांगतेही. पण इतक्या वर्षांनी कुणी आलंय, तेव्हा मान तोच. बक्षीस म्हणून द्यायचा पुष्पगुच्छ तिनं टाकाऊ वस्तूंचा बनवला आहे, कारण फुलं कुठून आणणार?

ती तीस वर्षं वाट बघते आहे. सहकारी ‘परत येऊ’ म्हणून गेले, म्हणजे येणारच. आजूबाजूला शहर कोसळलंय हे तिच्या हिशेबात बसत नाही. म्हणून ती त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा देते. इथं कबूल करायला हवं, की पहिला एक तास कंटाळवाणा आहे. विनोद एकाच जातीचा आहे : ती नम्रपणे बोलते, तो वैतागतो. हे पन्नास पानांत होतं ते वीसात झालं असतं. त्या माणसाला तर नाव-गाव फारसं काहीच नाही. युद्ध कशावरून झालं, कुणी केलं, हेही धूसरच. काहींना ही त्रुटी वाटते, मला नाही. भंगार वेचणाऱ्या माणसाला इतिहास कशाला ठाऊक असेल?

आता बलस्थान. तारांगणाच्या मधोमध यंत्र बंद पडून आहे. त्याला तिथले लोक ‘येना’ म्हणायचे. हे नाव उगीच नाही. कृत्रिम आकाश दाखवणारं पहिलं यंत्र जर्मनीतल्या येना शहरात कार्ल झाइस कंपनीत वाल्टर बाऊअर्सफेल्ड यांनी तयार केलं, १९२३ मध्ये. त्याच्या चाचण्या कारखान्याच्या छपरावर घुमट बांधून झाल्या होत्या. म्हणजे छपरावरचं तारांगण ही या कथेतली कल्पना नुसती सोय नाही, ती यंत्राच्या जन्मकथेशी जुळते. जुन्या तारांगणांत अशी डंबेलसारखी, दोन गोल असलेली यंत्रं असत, एक गोल उत्तरेचं आकाश टाकी, दुसरा दक्षिणेचं.

हा माणूस ते यंत्र दुरुस्त करतो. लक्षात घ्या, याचा त्याला काडीचा उपयोग नाही. पोट भरत नाही, जीव वाचत नाही. तरी दिवस घालवून करतो. मग खेळ सुरू होतो, तारे दिसतात, आणि ऐन मधे वीज जाते. संपूर्ण अंधार. युमेमी मात्र बोलत राहते, फक्त आवाजानं आकाश उभं करते, आणि तो माणूस, त्याच्याबरोबर आपण, ते बघतो. पडद्यावर काहीही नसताना चित्रकथेनं सर्वोच्च क्षण गाठावा, हे धाडस मला फार आवडलं. इथं निवडीचे फाटे असते तर सगळं विस्कटलं असतं. जिला ‘नाही’ म्हणताच येत नाही अशा यंत्राची ही गोष्ट, आणि वाचकालाही काही निवडता येत नाही.

इथंच थांबली असती तर निर्दोष म्हटलं असतं. पण पुढे शेवट आहे.

निरोप घेताना युमेमी त्याला ‘गाडीपर्यंत’ सोडायला निघते. गाडी नाहीच, पण तो तिला येऊ देतो. शहराच्या सीमेवर युद्धयंत्र गाठतं, त्याला वाचवताना ती फाटते, अर्धी उरते. तिची वीज संपत चालली आहे. तेव्हा तो तिला सांगतो, मी तुला नव्या कामावर न्यायला आलो आहे. आणि ती विनंती करते, की माणसांचा स्वर्ग आणि यंत्रांचा स्वर्ग असे दोन तुकडे करू नका.

तर प्रश्न हा : यंत्राशी खोटं बोलणं हे खोटं असतं का? कांटनं १७९७ च्या एका छोट्या निबंधात जीव वाचवण्यासाठीही खोटं बोलण्याचा हक्क नाकारला आहे. त्यावर आपण वर्गात वाद घालतो, पण तिथं समोर माणूस असतो. कपाटाला, घड्याळाला कुणी फसवत नाही, फसवता येतच नाही. त्या माणसाचं वाक्य वाचताना आपल्याला जड वाटत असेल, तर आपण आधीच ठरवून बसलो आहोत की ऐकणारं कुणीतरी आहे. बरं, प्रेमळ खोटेपणाची सुरुवात तिनंच केली होती, पंचवीस लाखाचा आकडा आठवा. हा धागा लेखकानं खरोखर हातात धरला होता.

आणि मग सोडला. संगीत चढतं, तिच्या स्मृतीतली जुनी दृश्यं एकामागून एक येतात, प्रत्येक गोष्ट शब्दात सांगितली जाते. अंधारात आवाजावर विश्वास ठेवणारा हाच लेखक शेवटी वाचकावर विश्वास ठेवत नाही. रडू येतं, मलाही आलं, पण रडता रडता प्रश्न निसटतो. दुसरी हरकत जास्त गंभीर. ही यंत्रमुलगी गोड, आज्ञाधारक, राग नसलेली आहे. तिनं एकदा जरी ‘तुम्ही मला फसवता आहात’ म्हटलं असतं, तर त्या विनंतीचं वजन दुप्पट झालं असतं. सेवा करणाऱ्याची निष्ठा बघून गहिवरणं सोपं असतं. आपल्याही घराघरांत ते चालतं.

‘स्वर्गाचे तुकडे करू नका’ या मागणीला मात्र मी हलकं म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइस कंपनीचेच दोन तुकडे झाले, एक पूर्वेकडे येनात, एक पश्चिमेकडे ओबरकोखेनमध्ये. आकाश दाखवणारी यंत्रं दोन्हीकडे बनत राहिली. लेखकाच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : २०१६ ची ॲनिमेशन मालिका पाहिली तर चालेल का? चालेल, पण वीज जाते त्या जागी तुम्ही स्वतः बटण दाबलेलं नसेल. इंग्रजी आवृत्ती २०१४ पासून स्टीमवर मिळते. रात्री वाचा, आणि जमलं तर पावसात.