पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक : नवशिक्या परवानाधारकाचे आवश्यक साहित्य

पेण तालुक्यातील जोहे व हमरापूर ही नावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे दूरवर पोचली आहेत. तथापि या भागाचे मूळ पीक भात हेच होय. पेण व रोहे तालुक्यांत डोंगरालगत ज्यांची शेती अथवा वरकस जमीन आहे, त्यांना लोंबी भरू लागली की रात्रीची राखण चुकत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जेवढे खातो, त्याहून अधिक तुडवून टाकतो. अशा राखणीसाठी कोकणात ठासणीची बंदूक पिढ्यानपिढ्या वापरात आहे. वडिलांच्या पश्चात ती पुष्कळदा अशा हाती येते की ज्याने तिच्यात दारू कधी भरलेलीच नसते. अशा नवशिक्या शेतकरी बंधूंसाठी ही माहिती दिली आहे.

परवाना प्रथम, बंदूक नंतर

शस्त्र अधिनियम, 1959 याच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे असावे लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वर्षांऐवजी 5 वर्षे झाली आहे. परवाना हा व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. म्हणून वडिलांची बंदूक मुलाकडे आपोआप येत नाही. ज्याचे नाव परवान्यात नाही, अशा मुलाच्या अथवा गड्याच्या हाती ती क्षणभरही देऊ नये.

पनवेल तालुक्यातील कर्नाळा आणि मुरूड-रोहे भागातील फणसाड या अभयारण्यांपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपल्या नावाची वनखात्याकडे नोंद करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये आवश्यक आहे. अभयारण्यात तर लेखी परवानगीवाचून शस्त्र नेताच येत नाही.

कोणते साहित्य हवे

1. दारूदाणी व माप : दारू घट्ट झाकणाच्या, कोरड्या दारूदाणीत ठेवावी. दारूदाणीतून ती सरळ नळीत कधीही ओतू नये. नळीत ठिणगी राहिलेली असल्यास संपूर्ण दारूदाणीच हातात पेट घेते. प्रथम मापट्यात दारू घ्यावी, दारूदाणी बंद करून बाजूस ठेवावी व मगच मापटे नळीत रिकामे करावे. किती माप भरावे हे बंदूक तपासणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून ठरवून घ्यावे. अंदाजाने मूठ भरू नये.

2. योग्य दारू : या बंदुकीस केवळ काळी दारू चालते. काडतूस फोडून त्यातील बिनधुराची दारू भरण्याचा मोह काहींना होतो. ही दारू नळीत फार मोठा दाब निर्माण करते आणि जुनी नळी फुटून बोटे, डोळे व प्रसंगी प्राणही जातात. दारू घरी तयार करणे हा गुन्हा आहे. परवान्यात नमूद असेल तेवढीच दारू अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावी व पावती जपून ठेवावी.

3. खूण केलेला गज : गज सरळ व न तडकलेला असावा. रिकाम्या नळीत तो तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी येणाऱ्या जागी एक खूण करावी. योग्य भरणी केल्यावर तशीच दुसरी खूण करावी. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे या दोन खुणांवरून तत्काळ कळते. एकावर एक दोनदा भरणी होणे हे नळी फुटण्याचे एक मोठे कारण आहे. ते या साध्या उपायाने टळते.

4. गुद्दी : दारू व छर्रे यांच्यामध्ये नमद्याची वा जाड पुठ्ठ्याची, नळीच्या मापाची गुद्दी बसवावी आणि छर्ऱ्यांवर पातळ पुठ्ठ्याची चकती द्यावी. गुद्दी दारूवर पक्की टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिल्यास नळीला धोका पोचतो. वाळलेले गवत वा चिंध्या ठासल्यास त्या पेटत बाहेर पडतात व सुकलेल्या पेंढ्यास आग लागू शकते.

5. टोप्या, सुई व किल्ली : टोप्या वेगळ्या कोरड्या डबीत ठेवाव्यात. कान साफ करण्यासाठी बारीक सुई आणि तो काढण्यासाठी मापाची किल्ली जवळ असावी.

6. भरणी काढण्याचा पेच : गजाच्या टोकास लावण्याच्या या मळसूत्री पेचाने न उडालेली भरणी बाहेर काढता येते. प्रथम टोपी काढून घ्यावी, मगच पेच लावावा.

7. डोळ्यांसाठी चष्मा व कानांसाठी बोळे : टोपीचे तुकडे नेमबाजाच्या डोळ्यांकडेच उडतात. हा खर्च थोडा आहे. तो टाळू नये.

भरताना व उडवताना

दारू, गुद्दी, छर्रे, चकती आणि सर्वांत शेवटी टोपी, असा क्रम ठेवावा. ठासताना नळीच्या तोंडावर वाकू नये. गज मुठीत न धरता बोटांच्या चिमटीत धरावा. टोपी माळ्यावर बसल्यावरच चढवावी आणि बांध ओलांडण्यापूर्वी काढावी. चाप ओढूनही बार न झाल्यास बंदूक सुरक्षित दिशेस रोखून किमान एक मिनिट थांबावे. दारू उशिरा पेटू शकते. पिकात काही हलले एवढ्यावरून कधीही बार करू नये. शेजारच्या शेताचा राखणदारही तेथेच असू शकतो. राखणीस कोण कोठे बसणार, हे शेजाऱ्यांनी संध्याकाळीच ठरवून घ्यावे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरामुळे पिकाची हानी होत असल्यास वनखात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्यावाचून ते मारता येत नाही आणि मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. बारीक छर्ऱ्यांनी डुक्कर मरत नाही. जखमी होऊन अंगावर येते. म्हणून बहुतेक रात्री छर्ऱ्यांवाचून केलेला, कळप पळवणारा आवाज हाच या बंदुकीचा खरा उपयोग होय.

निगा व साठवण

काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते. कोकणच्या दमट हवेत एका रात्रीतही नळी गंजू लागते. म्हणून बार केल्यावर त्याच दिवशी कान काढून नळी गरम पाण्याने धुवावी, फडक्याने पूर्ण कोरडी करावी व तेलाचा हात द्यावा. पुढच्या भरणीपूर्वी ते तेल पुसून घ्यावे. नळीत खोल खड्डे अथवा फुगवटा दिसल्यास ती बंदूक वापरातून काढावी.

बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. दारू व टोप्या एकमेकांपासून दूर, मुलांच्या हाती न लागतील अशा ठेवाव्यात. घराला लागूनच मूर्तींचा कारखाना असल्यास तेथे काथ्या, रंग व थिनर असतात. अशा जागी दारू मुळीच ठेवू नये. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश मिळाल्यास ते पोलीस ठाण्यात देऊन पावती घ्यावी आणि त्या दिवसांसाठी डबे वाजवण्याची व सामुदायिक राखणीची व्यवस्था आधीच करावी.

पीक एका हंगामाचे असते. हात व डोळे जन्माचे असतात. वरील साहित्य पूर्ण जमेपर्यंत आणि जाणत्या परवानाधारकाच्या देखरेखीखाली सराव होईपर्यंत नवशिक्याने बंदूक भरू नये, हेच हितावह होय.