गच्चीवरील परसबागेत सालीसकट खाण्याचा वाटाणा

बंगळुरूच्या आग्नेयेस होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ओळखली जाणारी एचएसआर लेआउट ही वसाहत बंगळुरू विकास प्राधिकरणाने वसविली. येथे परसबाग म्हणजे बहुधा गच्ची. ओल्या कचऱ्यापासून घरीच खत करण्याचे शिक्षण देणारे ‘स्वच्छाग्रह कलिका केंद्र’ याच वसाहतीत उभे राहिले. अशा खतावर घेण्याजोगे पीक म्हणजे सालीसकट खाण्याचा वाटाणा, अर्थात ‘स्नॅप पी’.

नेहमीच्या मटारच्या शेंगेचे जवळपास निम्मे वजन टरफलातच जाते. टरफलाच्या आतील चिवट पापुद्रा नसलेली, परंतु दाणे भरलेली शेंग अमेरिकेतील काल्विन लॅम्बॉर्न यांनी संकराने विकसित केली व १९७९ मध्ये ‘शुगर स्नॅप’ हे वाण बाजारात आले. आपल्याकडे मात्र परदेशी बियाण्यामागे धावण्याचे कारण नाही. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का संपूर्ण’ हे सालीसकट खाण्याचे वाण भुरी व तांबेरा या रोगांना प्रतिकार करते. संपूर्ण शेंग पोटात जाणार असल्याने औषध फवारावे न लागणे हा येथे मोठाच लाभ होय.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे बंगळुरूचा हिवाळा वाटाण्यास मानवतो. पारा ३० अंशांवर गेला की फुले गळू लागतात. म्हणून मार्चपूर्वी शेंगा हाती याव्यात. ऑक्टोबरमधील जोरदार पावसात साचलेल्या पाण्याने बी कुजते, तेव्हा पाऊस ओसरताच, नोव्हेंबरच्या आरंभी पेरणी करणे श्रेयस्कर. फूटभर खोल कुंडीला निचऱ्याची छिद्रे असावीत. बी तीन ते चार सेंटिमीटर खोल व बोटभर अंतरावर टोकावे. वाटाण्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यामुळे खताचा अतिरेक केल्यास पाने माजतात, शेंगा धरत नाहीत. खत पूर्ण कुजलेलेच वापरावे. वेलाच्या तणाव्यांना जाड बांबू धरता येत नाही, बारीक दोरी किंवा जाळीच हवी.

शेंग फुगली, पण कोवळी असतानाच खुडावी. विलंब झाल्यास साल जरड होते आणि नवी फुलेही कमी येतात. वाटाण्यात स्वपरागण होत असल्याने घरचे बी पुढील वर्षी चालते. त्यासाठी दोन-तीन निरोगी वेलांवरील शेंगा न खुडता वेलावरच वाळू द्याव्यात.