डोंगराची किंमत कोणी ठरवायची?

खाणीसाठी अरण्य तोडावयाचे झाल्यास त्याचे मोल रुपयांत आकारण्याची सोय आपल्या शासनव्यवस्थेने करून ठेवली आहे. 'निव्वळ वर्तमान मूल्य' हे तिचे भारदस्त नाव. ओडिशातील नियमगिरी पर्वतावर वेदान्त समूहासाठी काढावयाच्या बॉक्साइटचा प्रश्न २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे होता. तेव्हा घातलेल्या अटींत हे मूल्य ५५ कोटी रुपये होते, आदिवासी विकासासाठी १२.२० कोटी वेगळे. जाणारी वनजमीन सुमारे ६६० हेक्टर.

आकडेमोड बिनचूक असेलही. पण त्या डोंगरावर राहणाऱ्या डोंगरिया कोंधांचे मत तीत कोठेच नव्हते. माथ्यावरचा बॉक्साइटचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी शोषून घेतो आणि ते वर्षभर थोडेथोडे झऱ्यांना सोडतो. त्या ओलीवर उतारावर हळद, आले, अननस, संत्री पिकतात. माथा नियमराजाचा, म्हणून तेथील झाड तोडावयाचे नाही. जलशास्त्राच्या पुस्तकाने याहून वेगळे काय सांगितले असते? खाणीला हवा होता तो नेमका हाच थर.

केंद्र सरकारने २०१० साली मंजुरी नाकारली. पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या वनाधिकार कायद्याचा आधार घेऊन निर्णय ग्रामसभांकडे सोपविला. रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील १२ गावांत, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, जुलै-ऑगस्टमध्ये सभा झाल्या. देवस्थानाची जागा नेमकी कोणती, एवढेच जणू ठरवावयाचे होते. लोकांनी सबंध डोंगरच देवाचा म्हणून सांगितले आणि बाराही गावांनी नकार दिला. याला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, झऱ्याचे पाणी रोज भरणाऱ्याला त्याचे मोल कळण्यासाठी कोष्टकाची गरज लागत नाही.

ॲल्युमिनियम आपल्या सर्वांच्याच स्वयंपाकघरात आहे, तेव्हा खाणी नकोतच असे म्हणणे सोपे नाही. राज्याच्या खाण महामंडळाने ग्रामसभा पुन्हा घ्याव्यात अशी मागणी केली. २०१६ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. पायथ्याचा लांजीगढचा कारखाना मात्र बंद पडला नाही. त्याचे बॉक्साइट आता अन्य डोंगरांतून आणि परदेशांतूनही येते. तेथल्या झऱ्यांचे पाणी पिणाऱ्यांना कोणी विचारले होते काय?