घरचं दुखणं, लेखांक ९ : ‘डॉक्टर, तापाला काय देऊ?’

दवाखान्याची वेळ पाहून ताप चढला असता, तर प्रश्नच नव्हता. मोरा कोळीवाड्यात तो रात्रीच चढतो. धक्क्यापाशी गाळ इतका, की मोठ्या ओहोटीला भाऊच्या धक्क्याची लाँच लागत नाही. मुंबईचा डॉक्टर राहिला बाजूला. उरणचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, पण आत्ता रिक्षा बघायची की सकाळपर्यंत थांबायचं? मग ओळखीच्या डॉक्टरांना फोन जातो, नाहीतर १०४ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला.

तो सल्ला चांगला की वाईट, हे आपण औषधाच्या नावावरून ठरवतो. मी पलीकडून आलेल्या प्रश्नांवरून ठरवतो.

‘पॅरासिटामॉलचं अर्धं झाकण द्या’ हे वाक्य घ्या. दहा किलोच्या बाळाला एका वेळी साधारण दीडशे मिलिग्रॅम लागतं. पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते सहा मिलिलिटर होतं, २५० चं असेल तर तीन, आणि थेंबांची बाटली असेल तर जेमतेम दीड. तिन्ही बाटल्यांवर नाव तेच! वजन किती आणि बाटलीवर आकडा काय, हे न विचारता सांगितलेलं झाकण म्हणजे अंधारात टाकलेलं जाळं.

दुसरी खोड आपली. रेंजसाठी बाप ओट्यावर उभा राहून बोलतो आणि बाळ आत आजीच्या मांडीवर. ‘श्वास जोरात चाललाय का? पाणी पितंय? लघवी कधी झाली?’ उत्तरं आजीकडे असतात. फोन तिच्याकडे द्यावा.

केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, पहिल्याच वेळी नुसत्या आवाजावर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधंच सांगता येतात. त्यामुळे न तपासता फोनवरच अँटिबायोटिक सांगणाऱ्याला ‘भारी डॉक्टर’ म्हणू नये. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात बाळंतिणीला फोनवरून औषध सांगितलं गेलं, पुढे ती दगावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला. तेव्हापासून कितीतरी डॉक्टर फोनवर बोलायलाच कचरतात, तेही समजण्यासारखं आहे.

पण फोन मुळातच धोक्याचा, असं नाही. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात १९९७ साली दवाखाने बंद असतानाचे चौदा हजारांवर फोन तपासले गेले. प्रशिक्षित नर्सनी जवळपास निम्मे स्वतःच निभावले, आणि मृत्यू वाढले नाहीत. मात्र त्यांच्यासमोर प्रश्नांची ठरलेली साखळी होती.

फोन ठेवण्याआधी आपण एक विचारून घ्यावं : ‘काय झालं तर थांबायचं नाही?’ दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, झटका, पाणी न पिणं, बरगड्या आत ओढल्या जाणं, उठवूनही न उठणं. यातलं काही असेल, तर पुन्हा त्या डॉक्टरांना नको, १०८ ला फोन.

पुढच्या रविवारी : जुलाब आणि ओआरएसचं पाकीट.